पंचरंगी सामन्यांची कुळकथा

मुंबईत भारतीयांपैकी क्रिकेटची बॅट पहिल्यांदा उचलली ती पारशांनी. गोऱ्यांना हरवायची त्यांची ईर्षा इतकी, की १८९२ पासून दोघांचा सामना दरवर्षी ठरूनच गेला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाले. १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू वगैरे ‘इतरां’चा पाचवा संघ आला, तेव्हा पंचरंगी. नागपूर आणि कराचीनेही हाच कित्ता गिरवला. निजामाच्या राज्यात मात्र मोईनुद्दौला सुवर्णचषक खेळला जाई, त्यातले संघ धर्मावर बांधलेले नव्हते. दुसरी वाट त्याच काळात उघडी होती, हे विसरता कामा नये.

मुंबईच्या स्पर्धेतला माझा नायक पळवणकर बाळू. चर्मकार घरातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात मैदानाची कामं करत साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करायचा. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, पण त्याला चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. त्या वर्षी हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं. एका धर्माचा म्हणवणारा संघ आतून किती दुभंगलेला होता, हे बाळूइतकं कुणी सोसलं नसेल.

दुसरे सांगलीचे विजय हजारे, मराठी ख्रिस्ती, म्हणून ‘इतर’. १९४३ च्या मोसमातल्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ १३३ वर कोसळले. फॉलोऑननंतर ३८७ झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेकने एक बाजू लावून धरली. दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत त्याचा वाटा २१ धावांचा. इतकं करूनही सामना डावाने गेला.

मैदानं तुडुंब भरत होती, पण बाहेर देश धर्मावर फाटत चालला होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गेली, तेव्हा गांधीजींनी धर्मावर संघ पाडण्याला स्वच्छ नापसंती कळवली. तरी स्पर्धा रेटली गेली. १९४५-४६ चा मोसम शेवटचा ठरला. १९३४ पासून प्रांतवार खेळली जाणारी रणजी स्पर्धा त्यानंतर देशाची मुख्य स्पर्धा झाली. हे आणखी दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.