शहराचा फौजदार

फौजदार व्हायचे तर आज वाट ठरलेली आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची, मैदानावर धावून दाखवायचे, मुलाखत पार पाडायची आणि मग नाशिकच्या प्रबोधिनीत घाम गाळायचा. तालुक्यातालुक्यांच्या अभ्यासिकांत मुले त्यासाठी वर्षानुवर्षे पुस्तकांत डोके घालून बसलेली दिसतात. पण मुंबईत पोलीस अधिकारी कोणी व्हावे हे परीक्षेने ठरवायचे, ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधीची हकिगत गमतीची आहे, आणि थोडी बोचणारीही.

सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजिअरने भंडाऱ्यांची पलटण उभारली. माहीम, शिवडी आणि शीव ही तिची ठाणी. मुंबई पोलीस आपला वंश तिथपासून सांगतात. पुढे १७७९ मध्ये जेम्स टॉड हा पोलिसांचा लेफ्टनंट झाला आणि १७९० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून खटला होऊन पायउतार झाला. म्हणजे तक्रारही जुनीच!

खरी गोष्ट आहे ती चार्ल्स फोर्जेटची. १८५५ मध्ये तो मुंबईच्या पोलिसात आला. जन्म हिंदुस्थानातला, रक्त मिश्र. मराठी आणि हिंदुस्तानीचा सरकारी अनुवादक म्हणून त्याने नोकरी केलेली, दक्षिण मराठा मुलुखात पोलिसांचे काम पाहिलेले. विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या साहेबाला जे कधी जमले नसते ते याला जमे. वेष पालटून तो बाजारात हिंडे आणि लोक काय बोलतात ते ऐके. गव्हर्नर एल्फिन्स्टनने पैज लावली आणि हा झाडूवाल्याच्या वेषात थेट बंगल्यात शिरला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण लोकांना ती पटावी असा हा माणूस होता.

१८५७ साली त्याने हीच विद्या वापरली. गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी फितूर शिपायांच्या बैठका होत. फोर्जेटने गंगाप्रसादाला धाकात घेतले आणि शेजारच्या खोलीत लपून भिंतीच्या भोकांतून सारे पाहिले, ऐकले. शिपायांच्या लष्करी अधिकाऱ्यालाही त्याने तिथे नेऊन बसवले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. आपल्या दृष्टीने ते दोघे हुतात्मे. फोर्जेटला मात्र शहरातल्या धनिकांनी मानपत्रे आणि थैली दिली. आपल्यातलीच भाषा बोलणारा माणूस आपल्यावरच पाळत ठेवत होता, हे मला तरी सहज विसरता येत नाही.

त्याचे पुढे काय झाले? तो निवृत्त होऊन विलायतेला गेला. पोलीस कमिशनर ही पदवी १८६४ च्या डिसेंबरात फ्रँक सूटरला मिळाली. तो चोवीस वर्षे त्या खुर्चीवर राहिला.

खालचा शिपाई मात्र कोकणातून येई, विशेषतः रत्नागिरीकडून. निळी अर्धी विजार आणि पिवळी टोपी ही त्याची ओळख जुन्या मुंबईकरांना अजून आठवत असेल. गिरणीत गेलेला एक भाऊ, पोलिसात गेलेला दुसरा, अशी कितीतरी घरे होती. हुशारी कितीही असो, त्याला वर चढण्याला मर्यादा होती. १९०२ च्या फ्रेझर कमिशनने फौजदार थेट निवडावेत आणि त्यांना रीतसर शिकवावे, असे सुचवले. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, पुण्याजवळ भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची प्रबोधिनी तीच. पण त्याच कमिशनच्या विचारात वरच्या जागा युरोपियनांच्याच राहिल्या. वरिष्ठ पोलीस सेवेची परीक्षा लंडनला होई आणि १९२० च्या सुमारापर्यंत हिंदी माणसाला तिथे बसताच येत नसे.

मुंबईच्या पोलीस कमिशनरच्या खुर्चीवर पहिला भारतीय बसला तो १९४७ मध्ये : जे. एस. भरुचा. सूटरपासून मोजले तर त्र्याऐंशी वर्षांनी.