रात्री अकराची गोळी

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. त्याने मन आणि शरीर यांची फारकत केली आणि मग दोघांची गाठ घालून द्यायला त्याला मेंदूतली एक ग्रंथी शोधावी लागली. आजही ग्रंथींपाशीच राहू, फक्त विसाव्या शतकात येऊ.

१९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक उंदरांना बीजकोशाचा अर्क टोचत होता. नवं हॉर्मोन सापडेल ही आशा. उंदीर उघडून पाहिले तर ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. आशा बळावली. पण मग फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच! हॉर्मोन गेलं हातचं. सेल्येने मात्र वेगळाच प्रश्न विचारला: कारणं इतकी निरनिराळी, मग शरीराचं उत्तर एकच कसं? ‘नेचर’मधल्या छोट्याशा टिपणात त्याने हे मांडलं. पुढे त्याला ‘स्ट्रेस’ हे नाव मिळालं. आपण त्याला ‘ताण’ म्हणतो.

ही यंत्रणा चालते कशी? घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि ॲड्रिनल कॉर्टिसॉल सोडते. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन निरोप थांबवतं. टाकी भरली की बॉल कॉक पाणी बंद करतो ना, तसंच. आता कोणी तो चेंडू हातानेच वर उचलून धरला तर? पाणी थांबायला हवं. थांबलं नाही, तर कॉक बिघडलाय.

डेक्सामेथासोन हा तो चेंडू उचलणारा हात. (कोविडच्या काळात हे नाव घराघरात पोचलं, पण इथे त्याचं काम निराळं.) १९६८ साली मेलबर्नच्या बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तीव्र नैराश्याच्या कित्येक रुग्णांत हे औषध देऊनही कॉर्टिसॉल हवं तसं दबत नाही. १९८१ मध्ये कॅरोल यांनी अमेरिकेतून ४३८ जणांवरची तपासणी प्रसिद्ध केली. रात्री अकराला एक मिलिग्रॅम गोळी, दुसऱ्या दिवशी दुपारी चार आणि रात्री अकराला रक्त. मेलँकोलिया, म्हणजे खोल, आतून उठणारं नैराश्य, असलेल्यांपैकी ६७ टक्के यात सापडले. आणि ज्यांना तो नव्हता, त्यांच्यापैकी ९६ टक्क्यांची चाचणी नॉर्मल आली.

त्या काळी याचं मोल किती वाटलं असेल, याची कल्पना करा. ‘मनाचे खेळ आहेत, जरा बाहेर पड, बरं वाटेल’ हे ऐकून ऐकून थकलेल्या माणसाच्या हातात प्रथमच रक्ताचा रिपोर्ट. मनोविकाराला मधुमेहासारखी चाचणी! दवाखान्यांनी ती भराभर उचलली.

आता आमचा न्यायशास्त्राचा तास. धुरावरून अग्नीचं अनुमान करतो ते कधी बरोबर? अग्नी नाही तिथे धूर कधीच नसेल, तर. उलट बाजूने धुराशिवाय अग्नी असू शकतो, तापलेल्या लोखंडी गोळ्यात असतो तसा. त्याने अनुमान मोडत नाही. म्हणजे चाचणीतून निसटलेले ३३ टक्के हा तिचा घातक दोष नव्हे. घातक ठरला तो अग्नीविना धूर. स्मृतिभ्रंश, दारू सोडतानाची अवस्था, नुसतं झपाट्याने घटलेलं वजन, यांतही कॉर्टिसॉल दबेना. नैयायिक याला सव्यभिचारी हेतू म्हणतात. १९८७ च्या सुमारास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनेही निदानासाठी या चाचणीच्या मर्यादा सांगितल्या.

कॅरोल यांची तक्रार अशी, की चाचणी मेलँकोलियासाठी होती. १९८० च्या नव्या वर्गीकरणाने नाना तऱ्हेची नैराश्यं एका पोत्यात भरली आणि दोष चाचणीच्या माथी मारला. तक्रारीत तथ्य आहे. पण आम्हाला वाटतं, उत्तर सेल्येच्या उंदरांनी आधीच दिलं होतं. जी यंत्रणा थंडी आणि फॉर्मॅलिन यांत फरक करत नाही, ती आजारा-आजारांत तरी कसा करील?

आणि पुढे तर गंमतच झाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत, आघातानंतरच्या ताणविकारात, काही अभ्यासांत कॉर्टिसॉल कमीच आढळलं. रेचल येहुदा यांनी अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं, तर ते वाजवीपेक्षा जास्त दबलं. कॉक गळका नव्हे, उलट फाजील घट्ट! ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढणार, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथे फसतं.

मग उपचारांच्या हाती काय लागलं? एक गोष्ट टिकली. बरं वाटू लागल्यावरही ज्यांची चाचणी बिघडलेलीच राहते, त्यांचा आजार उलटण्याचा धोका अधिक असतो. ज्यांचं कॉर्टिसॉल दबत नाही, त्यांना खोट्या गोळीने सहसा फारसा गुण येत नाही, असंही दिसलं. म्हणजे ‘कोणता आजार’ हे चाचणी सांगत नाही. ‘औषध थांबवायची घाई करू नका’ एवढं मात्र सुचवते.

थेट यंत्रणेवरच्या औषधांचं नशीब तितकं बरं नाही. हायपोथॅलॅमसचा निरोप अडवणारी औषधं नैराश्यावर मोठ्या चाचण्यांत टिकली नाहीत. कॉर्टिसॉलला अडवणारं मिफेप्रिस्टोन भ्रमयुक्त नैराश्यासाठी अनेकदा आजमावलं गेलं. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली, पण ती कुशिंग आजारातल्या वाढलेल्या रक्तशर्करेसाठी. आणि रात्री अकराची ती एक मिलिग्रॅमची गोळी? ती आजही देतात, त्याच कुशिंगच्या संशयितांना, हॉर्मोनतज्ज्ञांच्या दवाखान्यात.