कासव, पाळीव : पायांच्या विकारांचे निदान

जमिनीवर राहणारे पाळीव कासव लंगडू लागणे, पाय ओढणे, पाय सुजणे किंवा उभेच न राहणे या लक्षणांमागील कारण शोधण्याची पद्धत. भारतातील घरांत आढळणारे जमिनीवरचे कासव बहुधा तारा कासव असते. पशुवैद्यकातील उपलब्ध माहिती मात्र मुख्यतः युरोप-अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या हर्मन, ग्रीक इ. भूमध्यसागरी कासवांवरील उपचारांतून आलेली आहे. पुढील विवेचन तिच्याच आधारे असून ते बऱ्याच अंशी तारा कासवालाही लागू पडते. पाण्यातील कासवांचा येथे विचार केलेला नाही.

शरीररचना : कासवाच्या बरगड्या व पाठीचे मणके पृष्ठकवचाशी एकजीव झालेले असतात आणि खांद्याची हाडे बरगड्यांच्या आत असतात. इतर कोणत्याही पृष्ठवंशी गटात अशी मांडणी नाही. निदानाच्या दृष्टीने याचे तीन परिणाम होतात. खांद्याचा व खुब्याचा सांधा कवचाआड असल्याने नीट चाचपता येत नाही. कवचावर मध्यरेषेत बसलेला मार थेट पाठीच्या कण्याला पोहोचतो. शिवाय कवच ताणले जात नसल्याने पोटात अंडी, मूतखडा किंवा मलाचा गोळा अडकला, की श्रोणीतील चेतांवर दाब येऊन मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणूनच मागच्या पायांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पायात नसते.

पूर्वेतिहास : आहार आणि ऊन या दोन गोष्टींची चौकशी आधी करावी. काकडी, टोमॅटो व कोबी यांवर वाढवलेल्या कासवाला पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावे, असे सामान्यतः मानले जाते. ‘रोज उन्हात ठेवतो’ हे मालकाचे उत्तर पुरेसे धरू नये. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होण्यास लागणारे जंबुपार-ब किरण जवळजवळ नसतात. कुत्र्या-मांजरांचे खाद्य दिले जात असल्यास, व पाणी कमी पडत असल्यास, युरिक अम्लाचे स्फटिक सांध्यांत साचण्याचा संभव लक्षात घ्यावा. मादी एकटी असली तरी अंडी धरते. नर नाही म्हणून अंडी नाहीत, असे समजण्यात अनेकदा चूक होते. गॅलरीतून पडणे, कुत्र्याने चावणे, नराने समागमाच्या वेळी मादीचे पाय चावणे हेही विचारावे. थंड देशांत शीतनिद्रेतील कासवांचे पाय उंदीर कुरतडतात. वेल्समधील एका वृद्ध कासविणीचे पुढचे पाय असे गेल्यावर तिच्या कवचाखाली चाके बसवण्यात आली होती.

निरीक्षण व चाचपणी : थंड पडलेले कासव निरोगी असूनही दुबळे दिसते, म्हणून तपासणीपूर्वी ते सु. २८–३०° से. तापमानात काही वेळ ठेवावे. निरोगी कासव चालताना पोटाकडील कवच जमिनीपासून उचलून धरते. ते घासत चालणे, नखे एकाच बाजूने झिजणे, पाऊल उलटे टेकणे या खुणा जुन्या अशक्तपणाच्या असतात. पाय हलकेच बाहेर ओढला असता कासव जोराने आत घेते. हा जोर चारही पायांत सारखा आहे का, हे पाहावे. मागचे पाय निर्जीव असून शेपूट व अवस्करद्वारही सैल असेल, तर इजा पाठीच्या कण्याला झाल्याची शंका घ्यावी. मागच्या पायापुढील खोबणीत बोट ठेवून कासव हलकेच कलते केल्यास अंडी वा मूतखडा काही वेळा बोटाला लागतो.

एकाच पायाची सूज बहुधा मार, अस्थिभंग, संसर्ग किंवा पायाला आवळलेला केस अथवा दोरा यांमुळे असते. दोरा कातडीच्या घडीत रुततो आणि वरवर पाहता दिसत नाही. कासवाचा पू पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. त्यामुळे सुईने काहीच निघाले नाही, एवढ्यावरून गळू नाही असे म्हणता येत नाही. दोन्ही किंवा चारही पाय सुजल्यास मूत्रपिंड, यकृत व हृदय यांकडे वळावे. कोवळ्या कासवाचे कवच बोटाने दबत असेल आणि पाय वाकडे वा थरथरते असतील, तर चयापचयी अस्थिरोगाचे निदान जवळजवळ होतेच. तारा कासवाच्या कवचावरील उंचवटे मात्र काही प्रमाणात नैसर्गिक असतात. केवळ त्यांवरून अस्थिरोग ठरवू नये.

क्ष-किरण चित्रण : निदानाचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय, आणि ते न करता औषध सुरू करणे समर्थनीय नाही. तीन दिशांनी चित्रे घेतात : वरून खाली, बाजूने व समोरून. बाजूचे व समोरचे चित्र घेताना कासव आडवे न करता नळी फिरवून किरण आडवे सोडावेत. कासव कलंडले की आतडी फुफ्फुसांवर सरकतात व चित्र फसवे येते. कासवाला उंच ठोकळ्यावर ठेवले की टेकायला जमीन न मिळाल्याने ते पाय बाहेर काढते, आणि भूल न देता पायांचे चित्र मिळते. एका पायाचे चित्र कधीही पुरेसे नसते. दुसऱ्या बाजूचा पाय तुलनेला हवाच. अस्थिरोगात हाडांचा बाह्य थर पातळ व कडा धूसर दिसतात, परंतु खनिजांचा बराच ऱ्हास झाल्याशिवाय हे दिसत नाही. चित्र निर्दोष आले म्हणजे हाडे चांगली, असा अर्थ नव्हे. सांध्यांतील युरिक अम्लाचे साठे कॅल्शियम मिसळेपर्यंत चित्रात उमटत नाहीत. कवच असलेली अंडी व बहुतेक मूतखडे स्पष्ट दिसतात. मोडलेले हाड तंतुमय ऊतीने सांधले जात असल्याने पाय भार घेऊ लागला, तरी चित्रातील भेग कित्येक महिने कायम राहते. या भेगेवरून उपचार फसले असे ठरवू नये. खांदा व खुबा यांसाठी सी. टी. चित्रण अधिक सरस ठरते.

श्राव्यातीत तपासणी : मागच्या पायापुढील खोबणीतून करतात.

रक्ततपासणी : कॅल्शियम, फॉस्फरस व युरिक अम्ल पाहतात. रक्त घेताना लसीका मिसळल्यास आकडे चुकतात. अंडी धरलेल्या मादीत कॅल्शियम स्वभावतःच वाढलेले असते. युरिक अम्ल वाढलेले आढळते तेव्हा मूत्रपिंडांचे बरेच नुकसान झालेले असते. ते प्रमाणात असले, तरी मूत्रपिंडे निर्दोष ठरत नाहीत.

मागच्या पायात टोचलेले औषध प्रथम मूत्रपिंडांतून जाते, म्हणून ते पुढच्या पायात टोचावे असा प्रघात आहे. प्रत्यक्षात याने किती फरक पडतो, याविषयी मतभेद आहेत.

उपचार : कारणानुसार. मोडलेला पाय पुष्कळदा कवचात दुमडून चिकटपट्टीने बांधून ठेवतात.

कायदा : २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, तर २०१९ पासून ते साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. ते घरी पाळणे गुन्हा आहे. भरभराट होते या समजुतीने ते ठेवले जाते आणि कारवाईच्या भीतीने डॉक्टरकडे उशिरा व खोट्या पूर्वेतिहासासह येते, ही निदानातील मोठी अडचण होय. लंगडे कासव तळ्यात वा विहिरीत सोडू नये. जमिनीवरचे कासव पाण्यात बुडून मरते. ते वनविभागाकडे द्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.