दणका कोणी सोसावा? गाडीच्या कमानीची कथा

रस्ता आणि चाक यांची गाठ पडली की दणका हा बसणारच. खडा आला, चाकोरी आली, ओढ्याची उतरण आली, की चाक उसळते. प्रश्न एवढाच उरतो, की तो दणका सोसायचा कोणी? चाकाने, गाडीने, बैलाने, की आत बसलेल्या माणसाने? गाडीचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेली उत्तरे, असे म्हणावयास हरकत नाही. आज पुष्कळांच्या दारात जुनी, पण चपळ बांध्याची घरगुती मोटार उभी आहे. ती रोजच्या वापरासाठी पुन्हा धडधाकट करावी, खाली नवे पाटे, नव्या स्प्रिंगा घालाव्यात, असे त्यांच्या मनात येते. अशांना हा इतिहास नुसता ऐकण्यापुरता नाही, हिशेबाचाही आहे.

आपल्या जुन्या बैलगाडीपासून सुरुवात करू. लाकडी आख, लाकडी आरे, वरून लोखंडी धाव. या गाडीला कमान नाही, स्प्रिंग नाही. दणका सरळ आखातून साट्यात आणि साट्यातून माणसाच्या पाठीच्या कण्यात जातो. म्हणून बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला न्यावयाचे झाले, की गाडीत जाड पेंढा पसरायचा आणि वर घोंगडी टाकायची. तो पेंढा हीच आपली पहिली कमान! पण गाडी मोडत नव्हती, याचे कारण तिचा वेग. ताशी तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दणका सोसवतो. तोच दणका वेग वाढला की हातोड्यासारखा बसतो.

वेग वाढला तो घोड्यामुळे. युरोपात पूर्वी घोडागाडीची बैठक चामड्याच्या पट्ट्यांवर टांगीत असत. पुढे पोलादाचे पाटे आले. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधा नियम ग्रंथरूपाने मांडला: स्प्रिंगला जेवढा भार द्याल, त्या प्रमाणात ती ताणते किंवा दबते. भार दुप्पट, तर दबणेही दुप्पट. शाळेत आपण हा नियम शिकवतो, पण रस्त्यावरून जाणारा टांगा हे त्याचेच चालते उदाहरण आहे, हे सांगावयाचे राहून जाते. एकावर एक रचलेले, खालच्या बाजूस आखूड होत जाणारे पोलादी पाटे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून घोडागाड्यांत सर्रास दिसू लागले. हीच पाट्यांची कमान आपल्या टांग्याखाली आली. लांब पाटा भार पेलतो, आखूड पाटे मधल्या भागास बळ देतात. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून झोका लवकर थांबतो. एका वस्तूत तीन कामे झाली: भार पेलणे, दणका पिणे आणि झोका आवरणे.

दुसरे उत्तर हवेने दिले. १८८८ मध्ये जॉन बॉईड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आमच्या ऊसपट्ट्यात रबरी टायरच्या बैलगाडीला 'डनलॉप गाडी' हेच नाव पडले. तिला पाटे नसतात, तरी लाकडी गाडीपेक्षा ती किती हलकी चालते, ते बैलालाच विचारावे. टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मोटार आली तेव्हा ती घोडागाडीचाच वारसा घेऊन आली. पुढेमागे आडवे सलग आख आणि त्यांवर पाटे. कोल्हापूरकरांना दसऱ्याच्या सोहळ्यातील मेबॅक मोटार ठाऊक आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील, म्हणजे १९२२ ते १९४० या काळातील ही जर्मन बनावटीची गाडी. तिच्या काळातच मोटारीच्या खालच्या बाजूस मोठी क्रांती चालू होती. १९२२ मध्ये इटलीतील लान्सिया कंपनीने 'लॅम्ब्डा' या गाडीची पुढची दोन चाके एकमेकांपासून मोकळी केली. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याने वाकायचे कारण उरले नाही.

पुढे १९३० नंतरच्या काळात मॉरिस ओली नावाच्या इंग्रज अभियंत्याने अमेरिकेत या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. तोवर गाडीच्या पुढच्या कमानी कडक आणि मागच्या मऊ असत. ओली यांनी दाखवले, की उलट पाहिजे. खाचेवर पुढचे चाक आधी चढते, मागचे नंतर. मागची बाजू किंचित लवकर झोका घेणारी असेल तर ती पुढच्या झोक्याला गाठते आणि गाडी होडीसारखी डोलत नाही. मिनिटाला साठ ते ऐंशी झोके एवढी मंद लय माणसाला सुखाची वाटते. चपळ, वळणावर घट्ट बसणारी गाडी हवी तर लय वाढवावी लागते, आणि त्या घट्टपणाची किंमत पाठीला मोजावी लागते. सुख आणि चपळाई या दोन सवती आहेत. दोघींना एका घरात नांदवणे हीच या विद्येची कसोटी.

आता आपल्या ओळखीच्या गाडीकडे येऊ. १९५३ मध्ये इटलीच्या फियाट कंपनीने '११००' ही मोटार नव्या बांधणीत आणली. वेगळी चेसिस नाही, सांगाडा आणि अंग एकच. पुढे मोकळ्या बाहूंवर गोल वेढ्यांच्या स्प्रिंगा, मागे सलग आखावर पाट्यांची कमान. साध्या गाडीची ताकद सुमारे छत्तीस अश्वशक्ती होती. त्याच वर्षी निघालेल्या 'तुरिस्मो व्हेलोचे' या चपळ आवृत्तीची पन्नासच्या आसपास. म्हणजे तीच घरगुती गाडी, पण धावण्याची हौस असलेल्यांसाठी.

ही ११०० आपल्या देशात आणली ती प्रीमियर ऑटोमोबाईल्सने. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापिली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. पुढे या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ती एवढी रुजली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. इतकी वर्षे ती टिकली यात मागच्या पाट्यांचा वाटा मोठा आहे. पाटा मोडला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी तो बदलता येतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मद्रासला १९६१ पासून 'स्टँडर्ड हेरल्ड' ही देखणी, चपळ छोटी मोटार तयार होऊ लागली. तिच्या मागे एक आडवा पाटा होता आणि दोन्ही चाके मधल्या पेटीपासून पंखासारखी हलत. जोरात वळण घेतले की मागचे चाक आत दुमडू पाहत असे. १९७२ मध्ये 'गझेल' ही सुधारलेली गाडी आली तेव्हा कंपनीने ती रचना काढून तेथे सलग आख बसवला. कागदावर ही मागे जाणारी पायरी दिसते. पण आपल्या रस्त्यांवर, आपल्या ओझ्यासाठी ती पुढची पायरी होती. सुधारणा म्हणजे नेहमी नवे किंवा महागडे नव्हे. सुधारणा म्हणजे रस्त्याला आणि भाराला जुळणारे.

आणि आपला रस्ता कसा? शिरोळकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून डांबरावरही लाटा उठतात. गगनबावड्याकडे पाऊस डांबर धुऊन नेतो. पन्हाळ्याला वळणे आणि चढ. पुणे-बंगळूर महामार्गावर वेग. शिवाय गावोगावी गतिरोधक. एकाच गाडीने आठवड्यात हे सगळे करायचे असते.

अशा वेळी आपण काय करतो? गाडी मागे बसली, की "एक पाटा वाढवा हो मिस्त्री" म्हणतो. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला, की कमानीचा कडकपणा ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याने वाढतो. पाटा तेवढ्याच रुंदीचा, पण जाडीने एक-दशांश जास्त घेतला, तर त्याचा कडकपणा सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. रिकामी गाडी मग दगडासारखी उडते. ज्या गाडीचा सांगाडा आणि अंग एकच आहे, तिथे पाट्याने न प्यालेला दणका पत्र्यात जातो. जुना, गंजलेला पत्रा कमान बसवलेल्या जागी तडकतो. गाडी उचलली गेली म्हणून वळणावर अधिक कलते, ती गोष्ट वेगळीच.

दुसरी हौस शहरातील तरुणांची: गाडी खाली बसवायची. त्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापतात. आठ वेढ्यांतला एक कापला, की उरलेली स्प्रिंग सातव्या हिश्श्याने कडक होते आणि तिला दबायला जागाही कमी उरते. गाडी देखणी दिसते, पण पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते. खड्ड्यात चाक रस्ता सोडते. आणि ज्या चाकाने रस्ता सोडला, त्याचा ब्रेक लागत नाही. इथे प्रश्न पाठीच्या सुखाचा राहत नाही, जिवाचा होतो.

तर मग जुनी चपळ गाडी रोजच्या कामासाठी सुधारायची कशी? इतिहासानेच क्रम घालून दिला आहे. पहिल्याने हवा पाहा, कारण ती पहिली स्प्रिंग. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर खालचे काहीही बदलून उपयोग नाही. मग रबरी बुश, शॅकल, सांधे पाहा. गाडी खडखडते ती बहुधा स्प्रिंगने नव्हे, झिजलेल्या बुशने. पाटे सोडवून गंज काढा. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात आणि कमान असून नसल्यासारखी होते. त्यानंतर शॉकअप. शॉकअप भार पेलत नाही, तो झोका आवरतो. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि झोक्याची शक्ती उष्णतेत विरते. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. एक-दीड झोक्यात ती स्थिर झाली तर ठीक, नाचत राहिली तर शॉकअप गेला. चांगले नवे शॉकअप आणि नवे बुश एवढ्यावर जुन्या गाडीची निम्मी चपळाई परत येते आणि पाठही सुखी राहते.

स्प्रिंगला हात घालावा तो सर्वांत शेवटी. पाटा थकून सपाट झाला असेल तर मूळ मापाचा नवा घालावा. थोडी घट्ट गाडी हवीच असेल, तर पुढची आणि मागची बाजू मिळून विचार करावा. मागे एकट्यानेच कडकपणा वाढवला, तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी निसटते. काम झाल्यावर चाकांची सरळाई तपासून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई केली आहे, हेही विसरू नये.

शिक्षक बंधुभगिनींनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. त्याला फार सामान लागत नाही. एक स्प्रिंग खिळ्याला टांगा, खाली वजन लावा. स्प्रिंग मूळ लांबीपेक्षा किती ताणली ते पट्टीने मोजा. मग वजनाला थोडा हिसका द्या आणि मिनिटातले झोके मोजा. अडीच सेंटिमीटर ताणली तर झोके एकशेनव्वदच्या आसपास येतील, दहा सेंटिमीटर ताणली तर पंच्याण्णव. गाडीच्या भाराने स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबेल अशी मऊ असेल, तर मिनिटाला साठ. हुकचा नियम आणि ओलींची लय या दोन्ही गोष्टी मुलांच्या हातात येतील. मग त्याच मुलांना गावच्या गॅरेजात घेऊन जा आणि पाटे बांधणाऱ्या मिस्त्रीचे हात पाहू द्या. आपले कोल्हापूर ओतकामाचे आणि यंत्रकामाचे गाव आहे. उद्यमनगरात आणि शिरोलीत लोखंडाशी बोलणारी माणसे आहेत. नव्या गाड्यांचे भाग खोक्यातून येतात आणि खोक्यासकट बदलले जातात. पाटा सोडवून त्याची वाक ओळखणारा हात मात्र खोक्यातून येत नाही. तो हात राहिला, तरच जुनी गाडी राहील. आणि नव्या पिढीला कळेल, की दणका टाळता येत नसला तरी तो कोणी सोसावा, हे ठरवणे माणसाच्या हातात आहे.