पीन कोणाची? खिशातलं गाणं आणि घरातली साउंड सिस्टीम

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. खिशातलं गाणं घरातल्या मोठ्या स्पीकरपर्यंत कसं पोचलं, त्याचा हा इतिहास. वायर, पीन, सॉकेट! पण घरोघरी माळ्यावर पडलेले स्पीकर आठवून बघा. त्यातले कितीतरी बिघडलेले नसतात. आवाज ठणठणीत असतो, फक्त त्यांची पीन चलनातून गेलेली असते. म्हणून पीन कोणी ठरवायची, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

सुरुवात जुन्या काळापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याला जोडून देत. त्यासाठी जो पाव इंची प्लग आला, तो आजही गिटारच्या अँप्लिफायरला लागतो. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे ३.५ मिलिमीटरची पीन. ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनला ती असायची. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि हीच पीन स्टिरिओ होऊन जगभर पसरली. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन सॉकेटं होती, दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून.

दुसरी परंपरा घरातल्या यंत्रांची. १९३०च्या दशकात अमेरिकेत आरसीए कंपनीने एक साधी गोल पीन काढली. हेतू असा, की रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडावा आणि रेडिओच्याच स्पीकरमधून रेकॉर्ड ऐकावी. म्हणजे एका यंत्राचा आवाज दुसऱ्यातून काढायची कल्पना आयपॉडपेक्षा साठ-सत्तर वर्षांनी जुनी आहे! अँप्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या जोड्या त्याच घराण्यातल्या.

आता थोडं तंत्र, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’, ‘टेप’, ‘ऑक्स’ असं लिहिलेलं असतं. ही सॉकेटं दिसायला सारखी, पण आत फरक आहे. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. त्याला जास्त वाढवावं लागतं, शिवाय खालचे आणि वरचे सूर ठरलेल्या प्रमाणात सुधारून घ्यावे लागतात. टेप किंवा सीडी प्लेअरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून प्लेअर फोनोला लावला की आवाज फाटतो, आणि ऑक्सला लावला की नीट येतो. ऑक्स म्हणजे ‘जादा’. पुढे काय यंत्र येईल ते माहीत नाही, पण जागा ठेवलेली बरी, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे पंगतीत एक पान जास्त मांडतात ना, तसं.

ऑक्टोबर २००१मध्ये आयपॉड आला. ५ जीबीची डिस्क, आणि गाणं बाहेर यायला तीच जुनी ३.५ची पीन. एका टोकाला ही पीन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी जोडी, अशी एक स्वस्त वायर आणली की काम झालं. अडचण एकच: हेडफोनच्या सॉकेटवर आवाज आयपॉडवरूनही कमीजास्त होतो आणि अँप्लिफायरवरूनही. खिशातल्या यंत्राचा आवाज बारीक ठेवून अँप्लिफायर वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते.

२००३ साली ॲपलने आयपॉडला ३० टोकांचा रुंद कनेक्टर दिला. त्यातून ठराविक पातळीचा ‘लाइन आउट’ मिळे, चार्जिंग होई, गाणी पुढे-मागे करता येत. सोय खरीच मोठी होती! मग डॉक असलेले स्पीकर आले, बोसचा साउंडडॉक २००४चा. २०१० साली आयपॅडलाही हाच कनेक्टर होता. पण तो एका कंपनीच्या मालकीचा होता. सप्टेंबर २०१२मध्ये आयफोन ५ बरोबर लायटनिंग आलं आणि नवा फोन जुन्या डॉकवर बसेना. लायटनिंगमधून आवाज डिजिटल रूपात बाहेर येई, त्यामुळे त्याचं रूपांतर करणारी चिप ॲडॅप्टरमध्येच घालावी लागली. स्पीकर तोच, कानही तेच. बदलला होता फक्त दरवाजा.

२०१६ साली आयफोन ७ मधून ३.५चं सॉकेटही गेलं. तोवर बिनतारी वाट तयार झाली होती. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवायची पद्धत २००३ साली ठरली. ती एका कंपनीची नव्हती, अनेकांनी मिळून ठरवलेली होती. ॲपलने २००४ साली वायफायवरून गाणं पाठवायची सोय आणली, तिचंच पुढे एअरप्ले झालं. गंमत बघा, त्यासाठीच्या छोट्या डब्याला शेवटी ३.५चंच सॉकेट होतं! आजही जुन्या अँप्लिफायरला ब्लूटूथ रिसीव्हर जोडताना शेवटचा हातभर प्रवास वायरनेच होतो, आणि ती वायर ऑक्समध्येच जाते.

मग या इतिहासातून काय दिसतं? ज्या पिनेवर कोणा एकाचा ताबा नव्हता, ती टिकली. सोय जास्त देणारी, पण एकाच्या ताब्यातली पीन दहा वर्षांच्या आत मावळली. युरोपीय महासंघाने २०२२ साली यूएसबी-सीचा कायदा केला तो चार्जिंगसाठी, पण प्रश्न हाच होता: दरवाजा सगळ्यांचा असावा की एकाचा? २०२३ साली आयफोन १५ला यूएसबी-सी आलं, आणि त्यातून आवाजही बाहेर येतो.

तेव्हा मंडळी, घरातला जुना अँप्लिफायर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा त्याची मागची बाजू बघा. ऑक्सचं सॉकेट असेल, तर टॅब्लेटलाही त्याच्यावर गायला लावता येईल. ते सॉकेट ज्यांनी ठेवलं, त्यांना टॅब्लेट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तरीही त्यांनी जागा ठेवली होती.

आता प्रश्न घेऊ या.