राणीची जत्रा आणि साष्टीचा इंग्रज

अमेरिकेत 'रेनेसान्स फेअर' नावाचा एक प्रकार असतो. आपल्या जत्रेसारखाच, फक्त देव नाही आणि काळ चारशे वर्षांपूर्वीचा. मंडळी जुन्या इंग्लंडचे कपडे घालून येतात, दुकानदार जुन्या थाटाची इंग्रजी बोलतात आणि दुपारी पहिल्या एलिझाबेथ राणीची मिरवणूक निघते. लेकीने मला लॉस एंजेलिसजवळच्या अर्विंडेलच्या जत्रेत नेलं. सगळ्या देशातल्या अशा जत्रांची ही मूळ जत्रा. आणि ती सुरू केली कोणी? एका शिक्षिकेने! फिलिस पॅटरसन आपल्या घरामागच्या अंगणात मुलांकडून जुनी इटालियन लोकनाट्यं बसवून घेत. त्यातूनच १९६३ च्या मे महिन्यात त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी एका रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी दोन दिवसांची जत्रा भरवली. हे कळल्यावर मला ती जत्रा एकदम घरची वाटू लागली.

शाळेत आम्ही 'प्रबोधनकाळ' शिकवायचो तो फ्लॉरेन्स, लिओनार्दो, छापखाना असा. इथे त्यातलं फारसं काही दिसलं नाही. इथे आहे ढोलताशा, भाल्यांची झुंज आणि टर्कीची भाजलेली भलीमोठी तंगडी. (मी शाकाहारी. मला मक्याच्या कणसावर समाधान मानावं लागलं.) जावईबापूंनी भाड्याने मखमली झगा आणला होता आणि ते सरदारासारखे मिरवत होते. मी त्यांना म्हटलं, "खऱ्या राणीच्या राज्यात असता तर आधी तुमचा दर्जा विचारला असता." १५७४ साली एलिझाबेथने फर्मान काढलं होतं, कोणी कोणतं कापड अंगावर घालायचं त्याचं. जांभळं रेशीम राजघराण्याला आणि अगदी वरच्या उमरावांनाच. मखमलीलाही दर्जा लागे. जत्रेत मात्र प्रत्येक जण ड्यूक. एका अर्थी हेच तिथलं सगळ्यात सुंदर खोटं!

भाल्यांची झुंज नातवाला फार आवडली. घोडे खरंच देखणे होते. या खेळात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ साली जीव गमावून बसला, भाल्याची चीप डोळ्यात घुसून, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो आणखीच खूश झाला. अकरा वर्षांची मुलं अशीच असतात.

मग राणीची स्वारी आली. पांढराफटक रंगवलेला चेहरा, गळ्याभोवती झालरीची कॉलर, मागे दरबारी. लोक जयजयकार करत होते. नातवाने विचारलं, "आजी, ही राणी चांगली होती का?"

पस्तीस वर्षं इतिहास शिकवूनही या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं मला जमलेलं नाही. मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. या राणीच्या राज्यात विल्टशरमध्ये वाढलेला थॉमस स्टीफन्स. तो कॅथलिक. राणी प्रॉटेस्टंट. कॅथलिकांना दंड होता, तुरुंग होता. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांचं तर मरणच. एडमंड कॅम्पियन या विद्वान जेझुइटाला १५८१ साली लंडनमध्ये हालहाल करून मारलं. स्टीफन्स आधीच देशाबाहेर पडला होता. रोममध्ये तो जेझुइट झाला, लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं तो तिथेच, बहुतेक काळ साष्टीत, राहिला आणि १६१९ साली गोव्यातच वारला. मायदेशी परतला नाही.

याच माणसाने मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ओवीत, दहा हजारांवर ओव्या! ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेवरची ओवी एका इंग्रजाने आपलीशी केली आणि मराठीचं असं कौतुक केलं की आमच्या पिढीच्या मुलांना ते पाठच असे.

पण गोष्ट इथे गोड करून थांबवता येत नाही. ज्या गोव्यात त्याला आसरा मिळाला, तिथे १५६० पासून पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन होतं, आणि साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती. देवळं गेलेल्या लोकांच्या भाषेत त्याने पुराण लिहिलं. तिकडे धर्मापायी जो देशोधडीला लागला, तो इकडे धर्म लादणाऱ्यांच्या छत्राखाली होता. मला त्याची ओवी आवडते, आणि हे आठवलं की ती घशात अडकतेही.

आणखी एक गंमत पाहा. १५८३ साली राणीचं अकबराला लिहिलेलं पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी पोर्तुगीजांनी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले. त्यांना जामिनावर सोडवायला धडपडला तो हाच स्टीफन्स. राणीच्या राज्यात ज्याला जागा नव्हती, तो राणीच्या माणसांसाठी धावला! त्यातला राल्फ फिच हिंदुस्थान पाहून १५९१ मध्ये लंडनला परतला. पुढे ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला, आणि ३१ डिसेंबर १६०० रोजी याच राणीने कंपनीला सनद दिली.

"म्हणजे वाईट होती," नातू म्हणाला. मी म्हटलं, "आधी ऐकून तर घे." शेक्सपिअरही तिच्याच राज्यात लिहायला लागला होता. पण तोवर त्याचं लक्ष लाकडी तलवारींच्या दुकानाकडे गेलं होतं.

रात्री जेवताना त्याने आपण होऊन विचारलं, "तो माणूस मराठी कुठल्या अक्षरात लिहायचा?" १६१६ साली राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं ते रोमन लिपीत. नातवाला देवनागरी येत नाही. मला मराठी निरोप पाठवतो तोही इंग्रजी अक्षरांतच, आणि त्यावरून मी त्याला नेहमी टोकते. "मग मी ते वाचू शकेन!" तो म्हणाला. मंगळूरला १९०७ साली निघालेली आवृत्तीही रोमनमध्येच आहे. लेकीने ती संगणकावर शोधून दिली. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमुळे पहिल्याच ओवीत तो तीनदा अडखळला. मग मी चष्मा पुसून त्याच्या शेजारी बसले. पाच ओव्या झाल्या आहेत.