बूस्ट वेग (प्रोसेसरचा)

प्रोसेसरच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत छापलेला सर्वांत मोठा गिगाहर्ट्झचा आकडा. हा वेग साधारणपणे एखाद-दुसऱ्या कोरला, थोडा वेळ आणि तापमान, वीज व विद्युत्‌दाब मर्यादेत असतील तरच मिळतो. सलग कामासाठी धरून चालायचा आकडा म्हणजे मूळ वेग (बेस क्लॉक). खरेदी करताना तोच आधी पाहायला हवा, पण जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो.

पूर्वपीठिका : १९९३ चा पेंटियम ६० किंवा ६६ मेगाहर्ट्झचा होता आणि छापलेल्या वेगानेच चाले. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला दाबही कमी लागतो, म्हणून तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही, असे रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते. २००५ च्या सुमारास हा हिशेब जुळेनासा झाला. कोर वाढले, पण सगळे एकाच वेळी भरधाव चालवणे परवडेना. इंटेलने २००८ मध्ये नेहालेम पिढीत टर्बो बूस्ट आणले, एएमडीचे टर्बो कोअर २०१० मध्ये आले. रिकाम्या कोरच्या वाट्याची वीज कामात असलेल्या कोरला द्यायची, ही त्यामागची युक्ती.

वेग का मिळत नाही : चिपचा वीजखप वेगाच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवताना दाबही चढवावा लागत असल्याने शेवटचे १००-२०० मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात. २०२० च्या कोअर आय९-१०९००के मध्ये हे स्पष्ट दिसते. मूळ वेग ३.७, जाहिरातीतला ५.३ गिगाहर्ट्झ. पण ५.३ साठी चिप ७० अंश सेल्सिअसच्या आत असावी लागते. त्यावर गेली की वरचे १०० मेगाहर्ट्झ कापले जातात. सगळे कोर कामाला लागले तर कमाल ४.९. इंटेलच्या शिफारशीनुसार २५० वॅटपर्यंतची मुभा सुमारे ५६ सेकंद, नंतर १२५ वॅट. अनेक मदरबोर्ड उत्पादक ही मर्यादा परस्पर सैल करतात. म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन संगणक वेगवेगळे धावतात.

रायझन ३००० : ७ जुलै २०१९ रोजी एएमडीची ही मालिका बाजारात आली. बारा कोरच्या ३९००एक्सवर ४.६ गिगाहर्ट्झ छापले होते, पण अनेकांना ४.५ च्या आसपासच आकडे दिसू लागले. ‘डेरबाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकरने वापरकर्त्यांकडून निकाल मागवले. त्यात ३९००एक्सच्या फक्त ५.६ टक्के नोंदी ४.६ पर्यंत पोहोचल्या होत्या. नोंदी स्वेच्छेने आलेल्या असल्याने हे प्रमाण जसेच्या तसे सर्व चिपना लावता येत नाही. तरी तक्रार खरी होती. एएमडीने सप्टेंबरमध्ये फर्मवेअरमधील दोष मान्य केला आणि ‘एजेसा १००३एबीबीए’ ही दुरुस्ती दिली. तिने बूस्ट साधारण २५ ते ५० मेगाहर्ट्झने वाढतो, असे कंपनीने सांगितले. म्हणजे गेलेले सुमारे दोन टक्के आणि परत मिळालेले फार तर एका टक्क्याच्या आसपास. इतका फरक रोजच्या कामात जाणवत नाही. प्रश्न छापलेल्या शब्दाचा होता, आणि तो विचारला गेला हे योग्यच झाले.

मोजण्यातही खोट येते. प्रोसेसर मिलिसेकंदाच्या हिशेबात वेग बदलतो, तर वेग दाखवणारे प्रोग्रॅम बहुधा सेकंदाला एकदा पाहतात. शिवाय पाहण्यासाठी ते निजलेले कोर जागे करतात.

मिरा-भाईंदर व किनारपट्टी : पंख्याची गती आणि वीजखप तेवढाच असेल तर खोलीचे तापमान जितके अंश चढते, जवळपास तितकीच चिप तापते. एसीत २४ अंशांवर ६४ अंश दाखवणारी चिप मे महिन्यातल्या ३३ अंशांच्या खोलीत ७३ ला जाते आणि वर सांगितलेली ७० ची रेषा ओलांडते. भाईंदर-मिरा रोडच्या छोट्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवलेली कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते, यानेही भर पडते. दमटपणाचा थेट परिणाम नगण्य. पण धूळ हीटसिंकच्या पात्यांत दमटपणामुळे चिकटून बसते. ‘करंट कमी येतो म्हणून स्पीड पडतो’ हा समज मात्र चुकीचा आहे. संगणकातला एसएमपीएस (वीजपुरवठा) २३० व्होल्टमधला बराच चढउतार पचवून १२ व्होल्ट देतो आणि मदरबोर्ड त्यातून चिपला एक-सव्वा व्होल्ट पुरवतो. स्टॅबिलायझरने बूस्ट वाढत नाही.

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेणाऱ्याने कूलर आणि हवेशीर कॅबिनेट यांवर काटकसर करू नये. आय९-१०९००के सारख्या चिपच्या खोक्यात कूलर नसतोच.

लॅपटॉप : कारणे तीच, मर्यादा अधिक कडक.

कायदा : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये आहे.